जिगरच्या कर्करोगावर किरणोपचार : काळजी पहिल्या किरणाआधी

कापडाला कात्री लावण्यापूर्वी आपण दोनदा मोजतो. यकृताच्या, म्हणजे ज्याला आपण जिगर म्हणतो त्याच्या, कर्करोगावर किरणांचा इलाज घेतानाही तेच करावे लागते. त्रास टाळण्याचे बरेचसे काम पहिला किरण पडण्याआधीच व्हायला हवे.

किरणांनी गाठ मरते, परंतु तिच्या भोवतीचे निरोगी यकृतही नाजूक असते. संपूर्ण यकृतावर सरासरी ३० ग्रेच्या आसपास मात्रा गेली (ग्रे हे किरणांचे माप) तर ते बिघडण्याचा धोका वाढतो. आधीच सिरोसिस असेल तर त्याहून कमी मात्राही बाधते. गाठीला मात्र बहुधा जास्त मात्रा हवी असते. म्हणून स्कॅनवर मोजून साधारण ७०० घन सेंटिमीटर निरोगी भाग वाचवला जातो. श्वासाबरोबर यकृत वरखाली सरकते, तेव्हा श्वास रोखण्याचा सराव करवतात किंवा पोटावर पट्टा दाबतात. काही तास उपाशी यायला सांगितले असेल तर वाटेत चहा-नाश्ता उरकू नये. भरलेले जठर फुगून किरणांच्या वाटेत येऊ शकते.

व्यापारी बंधूंनो, एक तपासणी मुळीच चुकवू नका. हिपॅटायटिस बी चा विषाणू अंगात दबून असेल तर इलाजाच्या काळात तो उसळू शकतो. त्यावरच्या गोळ्या आधी सुरू करून नंतरही चालू ठेवाव्या लागतात. माझ्या एका दोस्ताने दुकानाच्या हंगामापायी या गोळ्या मध्येच सोडल्या आणि कावीळ होऊन महिनाभर खाटेवर पडला. "जिगरला ताकद" म्हणून विकली जाणारी चूर्णे व काढेही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. काहींनी यकृतालाच इजा होते. दारू तर नकोच.

हल्ली निवडक रुग्णांचा इलाज तीन ते पाच बैठकांत आटोपतो. थकवा येतो, मळमळते. मळमळीची गोळी बैठकीपूर्वीच मागावी. किरण जठराजवळून जाणार असतील तर आम्लता कमी करणारे औषधही देतात.

बैठका संपल्या की फाईल कपाटात टाकू नका. यकृताचा खरा बिघाड अनेकदा दोन आठवडे ते चार महिन्यांनी दिसतो. पोट फुगणे, वजन एकाएकी वाढणे, पाय सुजणे, डोळे पिवळे होणे, शौच डांबरासारखी काळी होणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फाईल घेऊन इस्पितळात जावे.