डोंबिवलीहून माथेरान : एका दिवसाची सफर
डोंबिवलीहून कर्जत लोकलने नेरळ गाठले, की माथेरानचा डोंगर समोर उभा ठाकतो. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये येथे आले आणि पुढे इंग्रजांची वसाहत वसली. पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने १९०७ मध्ये दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी वर पोहोचली. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे तांबड्या मातीची वाट, घोडा किंवा पायपीट. पायपीटच बरी! मात्र या मोटारबंदीचा भार वर्षानुवर्षे हातरिक्षा ओढणाऱ्यांनी वाहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवली, ती सहा महिन्यांत थांबविण्यास सांगितले आणि रिक्षा ओढणाऱ्यांसाठी ई-रिक्षांची योजना आखण्याचा आदेश राज्य शासनाला दिला.