बर्जेस, मिरासदार आणि मुलकी

इंग्रजी शहरांच्या इतिहासात वारंवार भेटणारा ‘बर्जेस’ म्हणजे केवळ शहरवासी नव्हे. राजाच्या सनदेने स्वायत्तता मिळालेल्या शहराचा, म्हणजे ‘बरो’चा, जो हक्कदार सभासद तो बर्जेस. तटबंदीचे ठिकाण या अर्थाच्या ‘बर्ग’ या जर्मानिक शब्दापासून उत्तरकालीन लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. ‘बूर्झ्वा’ हा त्याचाच भाऊबंद. बर्जेसला ठरावीक खंडावर घरजागा मिळे, बाजारात जकातीची सूट असे आणि त्याच्या तंट्यांचा निवाडा शहराच्याच न्यायालयात होई. जमीनदाराचा वेठकरी पळून येऊन शहरात एक वर्ष आणि एक दिवस राहिला, तर अनेक बरोंमध्ये तो मुक्त ठरे. ईस्ट इंडिया कंपनीने १६८७च्या सनदेने मद्रासला महापौर आणि आल्डरमन यांच्याबरोबर बर्जेसही दिले.

मराठी मुलुखात याला जवळचा ठरतो तो मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमीन कसणारा आणि गोतसभेत बसणारा; बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्या उपरीला तो मान नसे. मात्र ही व्यवस्था गावगाड्याची होती. मलिक अंबरने १६१०मध्ये वसवलेली खडकी, म्हणजेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, हे शहर सत्तेच्या छावणीभोवती वाढले. मुघल सैन्यातील राजपूत सरदारांच्या वस्त्या करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा या नावांनी आजही ओळखल्या जातात. तिथल्या वसाहतीचा आधार सरदाराची चाकरी हा होता, शहराची सनद नव्हे.

पुढे हे शहर ज्या हैदराबाद राज्यात होते, तिथल्या निजामी राजवटीत हक्काचा प्रश्न शहराऐवजी संपूर्ण राज्याच्या पातळीवर उभा राहिला. राज्याचा रहिवासी तो ‘मुलकी’ आणि बाहेरचा तो ‘गैरमुलकी’; १९१९च्या नियमांनुसार सरकारी नोकरीसाठी मुलकी असणे आवश्यक होते आणि जन्माने मुलकी नसलेल्याला १५ वर्षांचा कायम रहिवास दाखवावा लागे. नोकरीपुरता का होईना, रहिवासाला हक्काचे रूप आले. तरी शहराच्या कारभारात सामान्य रहिवाशाचा वाटा त्यातून ठरत नव्हता, आणि हीच त्या नियमांची खरी उणीव.

ती उणीव प्रौढ मताधिकाराने भरून काढली. १९८२मध्ये छत्रपती संभाजीनगरात महानगरपालिका स्थापन झाली. प्रभागाच्या मतदार यादीत नाव असलेला भाडेकरूही आज पिढीजात घरमालकाच्या बरोबरीने मत देतो. म्हणूनच एप्रिल २०२०मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ निवडणूक न होता कारभार प्रशासकाकडे राहिला, ही या शहराच्या नागरिकत्वाची गंभीर हानी होती.