पॅकेज स्थापनेतील प्रगतिपट्टी

प्रगतिपट्टी म्हणजे संगणकाचे काम कुठवर आले हे दर्शवणारी, क्रमाक्रमाने भरत जाणारी आडवी पट्टी होय. डेबियन व उबुंटू या संचालन प्रणालींमध्ये सॉफ्टवेअर पॅकेजे बसवण्यासाठी ‘एपीटी’ हे साधन वापरतात. १ एप्रिल २०१४ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या १.० आवृत्तीसोबत पुढे आलेल्या ‘एपीटी’ या आदेशात ही पट्टी टर्मिनलच्या तळाशी दिसते. जुन्या ‘एपीटी-गेट’ आदेशात ती मुळात बंद असते.

कार्यपद्धती

प्रत्यक्ष स्थापना ‘डीपीकेजी’ ही आज्ञावली करते. प्रत्येक पॅकेज उलगडणे, त्याची मांडणी करणे अशा टप्प्यांतून जाते. डीपीकेजी प्रत्येक टप्प्याची सूचना एपीटीला देते. पूर्ण झालेल्या टप्प्यांचे एकूण टप्प्यांशी असलेले प्रमाण म्हणजेच पट्टीवरील टक्केवारी. टर्मिनलची शेवटची ओळ राखून ठेवल्यामुळे इतर मजकूर वर सरकला तरी पट्टी जागेवरच राहते.

मर्यादा

ही टक्केवारी टप्प्यांची असते, वेळेची नव्हे. लहानसा फॉन्ट असो वा मोठे कर्नल, प्रत्येकाचे टप्पेच मोजले जातात. त्यामुळे कर्नलची मांडणी होत असताना पट्टी बराच वेळ थबकू शकते. कधी एखादे पॅकेज वापरकर्त्याच्या उत्तराची वाट पाहत असते. अशा वेळी संगणक अडकला असे समजून टर्मिनल बंद केल्यास स्थापना अर्धवट राहू शकते व उरलेली मांडणी डीपीकेजीकडून नव्याने पूर्ण करून घ्यावी लागते. म्हणून पट्टी थांबल्यास प्रथम तिच्या वरील मजकूर वाचणे हिताचे ठरते. एपीटीच्या अनेक संदेशांचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे.