पूररेषा आली म्हणजे होडी-जाळी उचलायची का?

मागच्या मीटिंगपासून तिघा-चौघांनी एकच विचारलं, "सेक्रेटरी, निळी रेषा, लाल रेषा म्हणत्यात, ती आली की आपल्याला नदीवरनं हाकलणार काय?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ह्या रेषा महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याच्या. 25 वर्षांत एकदा येईल असा पूर जिथंपर्यंत पोचतो ती साधारण निळी, 100 वर्षांतला पोचतो ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत घर, दुकान, गोडाऊन बांधायला बंदी. शेती, बाग, मैदान असा मोकळा वापर चालतो. निळ्या ते लाल मध्ये अटी घालून बांधकाम. म्हणजे रोख पक्क्या बांधकामावर आहे, मासे धरण्यावर नाही.

"25 वर्षांत एकदा" ह्यात मात्र फसायला होतं. एकदा आला, आता 25 वर्षं निवांत, असं नाही. दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता असते. 2019 चा महापूर ओसरून दोनच वर्षं झाली तर 2021 ला पुन्हा आलाच की!

केंद्राने ह्या कायद्याचा मसुदा 1975 लाच राज्यांना पाठवला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्यांनीच कायदा केला. बाकी ठिकाणी प्लॉट पडत गेले.

आपला तोटा तिथंच आहे. मळीत भराव टाकला की पाण्याची जागा जाते, ते पाणी दुसऱ्याच्या दारात चढतं. आणि कटला-रोहू पुराच्या पाण्यात अंडी सोडतात, पिल्लं कडेच्या उथळ पाण्यात वाढतात. मळी बुजली तर पुढच्या सालचा मासा कमी. त्यामुळे भरावाला विरोध करणं हे आपलंच काम आहे, असं माझं स्पष्ट मत.

आता आपल्या बाजूची चूक. काठावरच्या शेडमध्ये जाळी, इंजिन, बर्फाच्या पेट्या आपण पावसाळाभर ठेवतो. शेड पत्र्याची, सोडवता येईल अशी ठेवा. सामान जूनच्या आत वर न्या.

पंचगंगेचं पाणी नरसोबावाडीला कृष्णेत मिळून मग आपल्याकडे येतं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका 43. 2019 ला 55 च्या वर गेलं होतं. तिथं 39 झालं की होड्या वर ओढायच्या, आपल्याकडे चढायची वाट बघायची नाही. पावसाळ्यात रोजचा आकडा ऑफिसच्या फळ्यावर आणि ह्या पेजवर सकाळी टाकेन.