अद्भुतासही नियम हवा

रहस्यकथा आणि अद्भुतकथा म्हणजे वेळेचा अपव्यय, असें मानणारीं वडील माणसें अद्यापि पुष्कळ घरांत आढळतात. मुलाच्या हातांत तसें पुस्तक दिसलें कीं तें काढून घ्यावयाचें, एवढाच त्यांचा उपाय! प्रस्तुत लेखकाचें मत निराळें आहे. दोष या कथाप्रकारांत नाहीं; स्वतःच घातलेला नियम मोडणाऱ्या ग्रंथकारांत आहे.

विशाखदत्ताचें ‘मुद्राराक्षस’ पाहा. राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हातीं कशी आली, हें प्रेक्षकांस पहिल्याच अंकांत कळतें. त्यांच्यापासून कांहीं लपविलेलें नाहीं. तरी मित्राचे प्राण वाचविण्यासाठीं राक्षस आपण होऊन पुढें येईपर्यंत उत्कंठा टिकते. वेताळाच्या २५ कथा तर सर्वस्वी अद्भुत. परंतु उत्तर ठाऊक असून राजानें मौन धरलें तर त्याचें मस्तक फुटावयाचें, आणि तो बोलला तर वेताळ पुन्हां झाडावर जावयाचा, हा नियम शेवटपर्यंत पाळला आहे. अखेरच्या प्रश्नाचें उत्तर राजास सुचतच नाहीं, म्हणून तो गप्प राहतो आणि येरझारा संपतात. नियमांतूनच सुटका झाली!

मराठींत हळब्यांच्या ‘मुक्तामाले’नें (१८६१) कल्पनारम्य कथेची गोडी लावली, आणि गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’नें (१८७१) ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला. पुढें हरिभाऊ आपट्यांनीं ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिली. शेवट नांवांतच सांगितलेला, तरी पुस्तक खालीं ठेववत नाहीं. कारण काय झालें यापेक्षां कसें झालें, यांत वाचकाचें मन गुंततें.

आमच्या मीरा-भाईंदरांत घोडबंदरचा किल्ला आहे. त्यावर एखाद्या तरुणानें रहस्यकादंबरी अवश्य लिहावी. मात्र हा किल्ला मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून १७३७ सालीं घेतला. त्यापूर्वींच्या कथेंत तेथें मराठा किल्लेदार बसवूं नये. तसेंच नायक संकटांत सांपडतांच, आधीं कोठेंही न सुचविलेलें भुयार उघडूं नये. पहिल्यानें इतिहासाची प्रतारणा होते, दुसऱ्यानें वाचकाची.

म्हणून वडिलांनीं पुस्तक हिसकावून न घेतां तें स्वतः वाचावें, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलास विचारावें, “हें रहस्य तुला केव्हां उमगलें? त्याची खूण आधीं कोठें दिली होती?” ज्यास ही खूण शोधतां येऊं लागली, तो मुलगा पुढें वर्तमानपत्र वाचतांना किंवा एखाद्या गोडबोल्याचें भाषण ऐकतांनाही सहसा फसणार नाहीं.