गृहपाठाच्या वहीतली गाळलेली पायरी

गणिताचे कोणतेही गाईड उघडून पाहा. वर उदाहरण असते, खाली सूत्र असते आणि तिसऱ्या ओळीत उत्तर! मधल्या ओळी कोठे गेल्या? लिहिणाऱ्याने त्या गाळल्या, कारण ज्याच्या घरी विचारायला कोणी आहे त्याला त्या लागत नाहीत. आमच्या वस्तीतल्या पोराला मात्र नेमक्या त्याच ओळी लागतात. तो तेथे अडतो, उत्तर जसेच्या तसे वहीत उतरवतो आणि सहामाहीला नापास होतो. मग शिक्षक म्हणतात, याचे डोकेच गणिताचे नाही. आम्हाला हे मान्य नाही.

म्हणून आज एक उदाहरण, एकही ओळ न गाळता. दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात अंकगणित श्रेढीचे प्रकरण आहे, हप्त्यांवरची शाब्दिक उदाहरणे त्यात येतात. आमचे उदाहरण असे: एका बाईने १२,००० रुपये कर्ज घेतले. व्याज दरमहा शेकडा १. दर महिन्याला ती मुदलापैकी १,००० रुपये आणि शिल्लक मुदलावरचे त्या महिन्याचे व्याज भरते. १२ महिन्यांत एकूण व्याज किती?

सूत्र आठवत बसू नका. आधी उदाहरण दोनदा वाचा. पहिल्या महिन्यात शिल्लक १२,०००, त्यावर शेकडा १ म्हणजे १२० रुपये व्याज. १,००० फेडले, शिल्लक ११,०००. दुसऱ्या महिन्याचे व्याज ११०. तिसऱ्याचे १००. येथे थांबून पोराला विचारा, काय होते आहे? दर वेळी १० कमी होतात, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले पाहिजे. शेवटच्या महिन्यात शिल्लक १,००० आणि व्याज १०. आता १२० पासून १० पर्यंत बारा आकडे मांडा. पहिला आणि शेवटचा मिळवा, १३०. दुसरा आणि शेवटून दुसरा, ११० अधिक २०, पुन्हा १३०. बारा आकड्यांच्या सहा जोड्या. ६ गुणिले १३० बरोबर ७८०. एकूण व्याज ७८० रुपये. पुस्तकातले सूत्र म्हणजे या जोड्याच आहेत, दुसरे काही नाही.

उत्तर आले म्हणून वही मिटायची नाही. सूत्र वापरणारी मुले येथे हमखास एक चूक करतात, उणे १० ऐवजी अधिक १० घालतात. मग उत्तर येते २,१००. हे उत्तर खोटे आहे हे गाईडशिवाय कळते. वर्षभर एक पैसाही मुद्दल फेडले नसते, तरी दरमहा १२० प्रमाणे व्याज १,४४० झाले असते. फेडत गेलेल्या बाईला त्याहून जास्त कसे पडेल? बोर्डाच्या परीक्षेत पायरीला गुण असतात. पण पायरीचा खरा उपयोग हा की, चूक कोठे झाली ते बोट ठेवून दाखवता येते.

आता हीच वही आईच्या कर्जाच्या कार्डाशेजारी ठेवा. काही ठिकाणी कर्ज देणारा सांगतो, व्याज शेकडा १ च आहे, फ्लॅट रेट. म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज दरमहा १२० च. महिन्याचा हप्ता १,१२०, वर्षाचे व्याज १,४४०. आपल्या उत्तरापेक्षा ६६० रुपये जास्त! शेवटच्या महिन्यात तर बाईकडे फक्त १,००० रुपये उरलेले असतात आणि त्यावरही ती १२० भरते. त्या महिन्यापुरता दर शेकडा १२ झाला. तोंडी सांगितलेला दर एकच, हिशेब दोन.

एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी बालवयातील बाबासाहेबांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा सवर्ण मुलांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाजूला काढले. वाटेवर विटाळ उभा होता. तेच बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले आणि पुढे रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ झाले. आज आमच्या पोराला फळ्यापाशी जायला कोणी अडवत नाही, असे सांगितले जाते. ते खरे धरले, तरी फळ्यावरच्या मधल्या ओळी त्याच्यासाठी लिहायच्या कोणी?

विहारात फळा लावायला फार खर्च येत नाही. बारावीला गेलेली मुले-मुली वस्तीत आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी बसावे. अट एकच, उत्तर सांगायचे नाही. पोर अडले की विचारायचे, ही ओळ वरच्या कोणत्या ओळीतून आली? आणि गृहपाठ संपला की मुलांना सांगा, घरातले कर्जाचे कार्ड घेऊन या. मुद्दल, हप्ता आणि महिने हे तिन्ही आकडे त्यावर पाहा. हप्ता गुणिले महिने, त्यातून मुद्दल वजा. सुरुवात तेथून करा.