‘बंद’ या शब्दाचे तीन अर्थ आणि घन-अवस्था रिले

परभणी जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी जेथे पोहोचत नाही, तेथे ओलिताचा भार विहिरीवरील विजेच्या मोटरीवर असतो. ‘मोटर बंद आहे’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा प्रवाह थांबला आहे, असा त्याचा अर्थ असतो. पाठ्यपुस्तकात मात्र ज्यातून प्रवाह वाहतो, त्यास ‘बंद परिपथ’ म्हणतात. हे दोन विरुद्ध अर्थ संदर्भावरून ओळखता येतात. मायक्रोकंट्रोलरने चालविलेल्या घन-अवस्था रिलेच्या, म्हणजे सॉलिड स्टेट रिलेच्या, बाबतीत तिसरा अर्थ उद्भवतो आणि तो जिवाशी निगडित आहे.

या रिलेत हलणारे संपर्क नसतात. एका बाजूस प्रकाश देणारा डायोड, दुसऱ्या बाजूस ट्रायॅक किंवा उलटसुलट जोडलेले दोन थायरिस्टर. दोहोंमधील दुवा केवळ प्रकाशाचा. बहुतेक रिलेंवर नियंत्रक दाब 3 ते 32 व्होल्ट असा छापलेला असतो व त्यास सुमारे 10 मिलिअँपिअर प्रवाह लागतो. 5 व्होल्टच्या पिनला हा भार सहसा पेलतो, 3.3 व्होल्टच्या पिनचा दाब भाराखाली उतरून किमान मर्यादेशी येऊन ठेपतो. म्हणून मध्ये एनपीएन ट्रान्झिस्टर घालावा: पिनपासून बेसपर्यंत 1 किलोओहमचा रोधक, एमिटर ऋण टोकास आणि रिले 12 व्होल्टचा पुरवठा व कलेक्टर यांच्यामध्ये. गेलेली वीज परत येते, तेव्हा आज्ञावली सुरू होईपर्यंत पिन अधांतरी असते. त्या क्षणी मोटर आपोआप सुरू होऊ नये, यासाठी पिन व ऋण टोक यांमध्ये 10 किलोओहमचा रोधक जोडावा.

तीन फेजच्या मोटरीसाठी असा रिले कॉन्टॅक्टरची कॉइल चालवितो. तो ‘बंद’ असतानाही त्यातून काही मिलिअँपिअर प्रवाह झिरपतो. लहान कॉइल त्यावर गुणगुणत राहते, क्वचित सुटतही नाही. शिवाय बिघडलेला थायरिस्टर बहुधा वाहता राहतो. मग पिनने दिलेली आज्ञा व्यर्थ होते.

अशा ठिकाणी ‘बंद’ हा शब्द केवळ दिलेली आज्ञा सांगतो. तारेत वीज नाही, याची तो ग्वाही देत नाही. मोटरीस हात लावण्यापूर्वी मेन स्विच उतरवून फ्यूज काढावेत. त्या स्थितीस ‘तोडलेली’ असा वेगळा शब्द योजावा आणि सूचनाफलकावरही तोच लिहावा.